छावणीतलं लॅटिन

परवा अंबाजोगाईच्या स्टँडसमोर रस्ता ओलांडायला उभी होते, तर समोरून वाढ्यानं गच्च भरलेला ट्रक गेला. वाढं म्हणजे उसाचा शेंड्याकडचा हिरवा भाग, जनावरांचा चारा. ऊन लागून आंबलेल्या वाढ्याचा तो वास नाकात शिरला आणि माझे पाय जागीच थांबले. मागून रिक्षावाला ओरडला, "मावशे, जायचंय का न्हाई?" म्हटलं, जा बाबा, तू जा. ट्रक कुठं निघालाय हे विचारायची गरजच नव्हती. चैत्र अजून सरला नाही आणि नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतंय, म्हणजे कुठल्यातरी माळावर पुन्हा छावणी पडलीय.

खरं सांगू? माणसाला दुष्काळाचासुद्धा कंटाळा येतो. पहिल्यांदा भीती वाटते. पुढं पुढं नुसतं घागरी मांडायच्या, टँकरची वाट बघायची, अंगणात पाणी सांडणाऱ्या पोरांवर खेकसायचं. तेच बोलणं, तीच उत्तरं. आता मी खेकसत पण नाही.

घरी आले तर टेबलावर बारावीच्या इंग्रजीचे पेपर माझी वाट बघत बसलेले. नोकरीचं शेवटचं वर्ष आहे. मान धरते, डोळ्यांतून पाणी गळतं, तरी गठ्ठा काही सरत नाही. एका पोरानं निबंधात लिहिलंय, गावानं पावसासाठी 'प्रेयर' केली. त्या शब्दाखाली माझ्या लाल पेनानं उगाचच रेघ ओढली. चूक काहीच नव्हती. तो शब्द मी शेणाच्या ढिगाशेजारी बसून शिकले होते, एवढंच.

हसू नका. 'प्रेयर', 'पास्टर', 'रिलिजन', 'क्रीड', ही सगळी मंडळी मला भेटली ती दिंद्रुडच्या अलीकडच्या एका उघड्या माळावर, जनावरांच्या छावणीत. माझं माहेर चकलांब्याचं, गेवराई तालुक्यातलं. सासर दिंद्रुडच्या बाजूचं. घरात आम्ही तिघंच: नवरा, तो पुण्याला कंपनीत, सासरे, म्हणजे अण्णा, आणि मी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. मी साखर कारखान्याच्या शिक्षणसंस्थेच्या ज्युनिअर कॉलेजात तासांवर शिकवायची आणि बाहेरून एम.ए. करायची. सगळे पेपर सुटले होते. 'इंग्रजी भाषेचा इतिहास' एवढा एकच राहिला होता आणि त्यानं मला आधी एकदा चांगलं आपटलं होतं. संस्थेच्या सेक्रेटरींनी साफ सांगितलेलं, "मॅडम, ह्या खेपेला पास झालात तर जागा तुमची. न्हाईतर दुसऱ्या बाई तयार हायत." दुसऱ्या बाई म्हणजे कुणाची तरी भाची. ती असतेच.

आणि त्याच साली विहिरीनं माघातच तळ दाखवला. घरात दोन बैल, पाखऱ्या आणि सोन्या. कडब्याची शेवटची पेंढी संपली तसे ते एका सहकारी सोसायटीच्या छावणीत गेले. बांबू, वर हिरवी नेट, ओळीनं खुंटे, मधून टँकरची वाट. आता छावणीची एक रीत होती. जनावरापाशी घरचंच माणूस पाहिजे. आधी कुठंतरी नसलेल्या जनावरांच्या नावावर चारा उचलला गेला होता म्हणे, म्हणून रोज सकाळी मोजणी व्हायची आणि मोजणीच्या वेळी घरच्या माणसानं जनावराच्या पाठीवर हात ठेवून उभं राहायचं. शेजाऱ्याचा हात चालायचा नाही. हात नसला की जनावराचा छावणीतला पास रद्द, आणि एकदा बाहेर गेलेलं जनावर परत आत येत नव्हतं.

हात कुणाचा? अण्णांना दमा. डॉक्टरांनी सांगितलेलं, धूळ म्हणजे तुमच्यासाठी विष. नवरा फोनवर म्हणाला, "तुला वाचायचंच हाय ना? मग तितं बसून वाच." बोलायला काय जातंय! आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. पण तोडगा दुसरा नव्हता. कॉलेजला सुट्टी लागली होती. मी वळकटी, स्टोव्ह आणि लायब्ररीचं ते जाडजूड पुस्तक घेऊन माळावर गेले.

तिथली दुपार अजून अंगावर येते. वारा सुटला की शेणाचा भुगा, मातीचा फुफाटा आणि वाढ्याचा आंबूस वास, सगळं एकदम तोंडात. पुस्तकाच्या पानावर बोटानं रेघ ओढली तर उमटायची. आणि त्या पानावर काय? तर रोमहून धर्मप्रचारक इंग्लंडात आले, लोकांना नवा देव दिला आणि देवासोबत शब्दांची गाठोडी दिली. पुढं नॉर्मन राजे आले, त्यांनी फ्रेंचमधून आणखी लॅटिन आणलं. इंग्रजांच्या देवघरातली निम्मी भांडी अशी परक्या बाजारातून आलेली. पहिल्या वेळी मी हे पाठ करायला गेले आणि नापास झाले. ह्या वेळी समोर दोन बैल रवंथ करत उभे होते, आणि कसं कोण जाणे, ते शब्द डोक्यात बसायला लागले.

कारण ते शब्दच मुळात गोठ्यातले निघाले. पास्टर म्हणजे चर्चमधला पाद्री हे मला ठाऊक होतं. पण लॅटिनमध्ये तो साधा मेंढरं चारणारा. काँग्रिगेशन म्हणजे प्रार्थनेला जमलेली मंडळी, पण त्या शब्दाच्या पोटात कळप बसलाय. पेगन म्हणून ज्याला पुढं हिणवलं, तो आधी नुसता खेड्यातला माणूस होता. बिशप हा तर ग्रीकांकडून लॅटिनमार्गे आलेला, आणि त्याचा अर्थ काय, तर देखरेख करणारा. आमच्याकडं मोजणीला येणारा सुपरवायझर पांढरी टोपी घालून, वही काखेत मारून, एकेका दावणीपुढं भुवया चढवून उभा राहायचा. त्याच दिवशी मी त्याचं नाव बिशप ठेवलं.

ते नाव पसरवलं रशीदचाचांनी. चाचा माजलगावचे, बाजारात फळांची गाडी लावायचे. पाण्यावाचून टरबुजं आली नाहीत, धंदा बसला, तेव्हा घरच्या दोन म्हशी घेऊन तेही आमच्या शेजारच्या दावणीला आलेले. मी मोठ्यानं वाचायची, ते विडी विझवून ऐकायचे.

"क्या पढ रै बेटा?"

म्हटलं, "चाचा, इंग्रजीत दुआला प्रेयर म्हणतात. त्याचं मूळ लॅटिन, विनवणं, मागणं. त्याच्याही मागं जाल तर आपला प्रश्न आणि पुसणं त्याच घराण्यातलं."

चाचा बराच वेळ म्हशीच्या अंगावरचे गोचीड काढत राहिले. मग म्हणाले, "मतलब अल्ला कू पूछना? अरे, मैं तो आज तक मांगता ई आया. पूछा तो कब्बी नै."

"मग आता विचारा."

"क्या पूछूं? वो बोलेंगा, रशीद, तू अब्बी आया क्या?" आणि स्वतःच हसत सुटले. मग बिशप येताना दिसला तसं दबक्या आवाजात म्हणाले, "उठ बेटा, हाथ रख. बिशपसाब आरे."

रिलिजन ह्या शब्दावर तर जुन्या पंडितांचंच भांडण. एक म्हणतो, त्याचं मूळ पुन्हा पुन्हा वाचण्यात आहे. दुसरा म्हणतो, छे, बांधून ठेवण्यात आहे. मी त्या माळावर दोन्ही करत होते. एकच पान पुन्हा पुन्हा वाचत होते आणि दोन बैलांना बांधलेली होते. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, तसं मला ते भांडण बसल्या जागी कळलं. पिल्ग्रिम म्हणजे यात्रेकरू, पण लॅटिनमध्ये तो परका, आपल्या शेतापलीकडं गेलेला. आमच्या जिल्ह्यातली किती माणसं दरसाल कोयता घेऊन शेतापलीकडं जातात, पार कर्नाटकापर्यंत. त्यांना कुणी यात्रेकरू म्हणत नाही. आणि मर्सी, ती देवाची करुणा! तिच्या मुळाशी मजुरी आहे, केल्या कामाचा मोबदला. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं आणि बैलांना पाणी दाखवायला उठले. वैतागच आला मला.

अण्णा मधून मधून दूधसंघाच्या गाडीतून यायचे. धोतर सावरत, तोंडाला पंचा बांधून, दावणीपासून लांब उभे राहायचे. बैलांना मात्र कळायचं. सोन्या मान वर करून हुंकारायचा. अण्णा गावच्या सोसायटीचे पहिल्यापासूनचे सभासद. "विना सहकार नहीं उद्धार" हे वाक्य आमच्या ओसरीच्या भिंतीवर त्यांनी स्वतः गेरूनं लिहिलेलं. कारखान्याचा पाया घातला तेव्हा घरातला नारळ घेऊन चालत गेलते. वार्षिक सभेला जाताना आंघोळ करून, गंध लावून निघायचे, कुणी हसलं तर म्हणायचे, "हसा बे. आपल्या घरच्या कार्याला पारोसं जातेत व्हय?" त्या साली कारखान्याचं धुराडं थंड पडून दोन हंगाम झाले होते. अण्णा त्याबद्दल बोलत नसत.

पेपर चार दिवसांवर आला तेव्हा नवऱ्याचा फोन आला. त्या दिवशी मोजणीला तो येणार असं ठरलेलं, पण त्याला रजा मिळत नव्हती. गेलास तर परत येऊ नको, असं कंपनीतल्या मुकादमानं सुनावलं होतं. पेपर अंबाजोगाईला, मोजणीआधीच एसटी धरायची, म्हणजे त्या सकाळी बैलांच्या पाठीवर ठेवायला हात नाही. मी रडले नाही, उगाच खोटं कशाला सांगू. सगळं अंगच थकलं होतं. मनाशी ठरवलं, जाऊ दे मरू दे, पुढच्या साली देऊ. जागा भाचीला जाईल. जाईना का. पुस्तक वळकटीत गुंडाळलं आणि चाचांना म्हटलं, आता वाचणं बंद.

चाचांच्या पोटात ही गोष्ट किती टिकणार? दुसऱ्या दिवशी अण्णा आले आणि गाडीतून उतरता उतरताच त्यांना सगळं कळलं. माझ्यापाशी आले, खाली दगडावर बसले. छाती वरखाली होत होती.

"कावून बंद केलं वाचनं?"

"जमत न्हाई अण्णा. पुढच्या साली बघू."

"काय काय असतं गं त्यात? मला सांग की."

मला वाटलं, समजूत घालायला विचारतायत. तरी सांगितलं. म्हटलं, "क्रीड म्हणून शब्द आहे, त्यांच्या धर्मात विश्वासाची कबुली देतात ती. लॅटिनमध्ये क्रेडो, म्हणजे मी विश्वास ठेवतो. पण त्याच्याही खाली गेलं की अर्थ निघतो काळीज ठेवणं. आपण श्रद्धा म्हणतो ना, ती ह्याचीच सख्खी बहीण. त्यांचा डेउस आणि आपला देव तसेच."

अण्णांनी पंचा तोंडावरून खाली घेतला. "काळीज ठिवनं," ते म्हणाले. "ठिवलं व्हतं की. आमी सोसायटीवर ठिवलं व्हतं, कारखान्यावर ठिवलं व्हतं." मग खोकला आला, तो थांबल्यावर हसले. "पावती न्हाई मिळाली, येवढंच."

"अण्णा, धुळीत बोलू नका."

"तू जा पेपरला. मी बसतो हितं. एका दिसानं काय मरतो का मी?"

मी तडकलेच. म्हटलं, "अजिबात न्हाई. डॉक्टर काय म्हणाले आठवतंय ना? तुमाला काय झालं तर ती पदवी मी काय चुलीत घालू? हा विषय बंद." सासऱ्यांना असं आजवर बोलले नव्हते. चाचा दुसरीकडं बघायला लागले. अण्णा उठले, लांबूनच दोन्ही बैलांकडं बराच वेळ पाहिलं, आणि दूधसंघाच्या गाडीत जाऊन बसले.

पेपरच्या दिवशी मोजणीआधीच छावणीच्या तोंडाशी एक टेम्पो येऊन थांबला. पुढच्या सीटवरून अण्णा उतरले, मागून एक अनोळखी गृहस्थ. अण्णा सरळ दावणीत आले, धूळबिळ काही न बघता. पाखऱ्याचं दावं सोडलं, मग सोन्याचं.

"अण्णा, हे काय?"

"गोदाकाठचे पावने हायत. पानी हाय त्यांच्याकडं, ऊस हाय. ह्यांना चांगलं ठिवतेल."

मला आधी काही समजेचना. समजलं तेव्हा मी दाव्याला दोन्ही हातांनी धरलं. "इकले? अण्णा, नका हो! पुढच्या साली देते मी पेपर. घरी न्या एक दिवस, पण इकू नका."

"घरी काडी न्हाई आन् हितं परत घेत न्हाईत. तुला ठावं हाय." त्यांनी माझ्या हातातून दावं सोडवून घेतलं, अगदी सावकाश. "सुमन, मला बैल आता किती वर्सं लागनार? तुला नोकरी जलमभर लागती. आता हात ठिवायची गरजच न्हाई. स्टँडवर जा, एसटी सुटंल."

बैल टेम्पोत चढले ते अण्णा पुढं होते म्हणून. त्यांना वाटलं असेल, घरी चाललो. बिशप वही घेऊन आला होता. भुवया चढवल्या नाहीत त्यानं, टोपी काढून उभा राहिला नुसता. चाचा म्हणाले, "जा बेटा, मैं सामान भेजता." मी गेले. एसटीत खिडकीशी बसून अंबाजोगाईपर्यंत पदरात तोंड घालून रडले. कंडक्टरला वाटलं, कुणी गेलंय घरातलं.

प्रश्न आला होता. इंग्रजीतल्या धार्मिक शब्दांवर लॅटिनचा प्रभाव. परीक्षेत एवढं नेमकं मागितलेलं मिळण्याचं नशीब मला पुन्हा कधी लाभलं नाही. मी लिहीत सुटले. पास्टर लिहिला, कळप लिहिला, शेतापलीकडचा यात्रेकरू लिहिला. माझ्या नखांत वाढ्याचा हिरवा रंग होता, घामानं तो कागदाच्या कडेला लागत होता. सॅक्रिफाइसपाशी हात थांबला. पवित्र करणं, एवढाच त्याचा मूळ अर्थ. पुस्तकात तेवढंच दिलं होतं. मी तेवढंच लिहिलं आणि पुढच्या शब्दावर गेले. पर्यवेक्षकानं वेळ संपल्याचं सांगितलं तेव्हा पुरवणी भरली होती.

पास झाले. जागा मिळाली. त्या जागेवर मी सारा जन्म काढला. हजारो पोरांना प्रेयरचं स्पेलिंग शिकवलं, मुळं शिकवली नाहीत, अभ्यासक्रमात नव्हती. मधे कारखाना पुन्हा सुरू झाला, पुन्हा बंद पडला. ओसरीच्या भिंतीवरचा गेरू उडाला, अण्णांनी तो पुन्हा भरला नाही. आमच्याकडं त्यानंतर बैल आले नाहीत. मी पगारातून घेऊ म्हटलं तर अण्णा म्हणाले, "दम लागतो मला. ट्रॅक्टर सांगू." आता तर गावातच बैल बोटांवर मोजण्याइतके राहिलेत. कधी कधी वाटतं, थकवा येतो तो कामाचा नसतोच. आपल्यासाठी कुणी काय सोडलं, ते जन्मभर वागवण्याचा असतो.

बैल गेले त्या साली पाऊस मात्र आला. उशिरा आला, बरा आला. श्रावण हिरवागार गेला आणि बघता बघता पोळा उद्यावर आला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं खांदमळणी असते. जू ओढून ओढून बैलांचे खांदे सोलवटलेले असतात, त्यांना तूप-हळद चोळायची आणि कानात आवतन द्यायचं, उद्या जेवायला या म्हणून. मी स्वयंपाकघरात होते. लग्न झाल्यापासून दर साली करत आले, त्या सवयीनं वाटीत तूप घेतलं, हळद कालवली, आणि वाटी हातात धरून उंबऱ्यापर्यंत आल्यावर माझ्या ध्यानात आलं. तशीच उभी राहिले. अण्णा ओसरीवर बसले होते. त्यांनी वाटी बघितली, माझ्याकडं बघितलं. उठून माझ्या हातातून ती वाटी घेतली आणि गोठ्यात गेले.

बराच वेळ आले नाहीत म्हणून मी दारापर्यंत गेले. आत अंधारून आलं होतं. भिंतीला टेकवून ठेवलेलं जू अण्णांनी मांडीवर आडवं घेतलं होतं, आणि जिथं दोघांच्या माना घासून लाकूड गुळगुळीत झालं होतं, तिथं ते बोटांनी तूप-हळद चोळत होते. आधी पाखऱ्याच्या बाजूला, मग सोन्याच्या. चोळून झाल्यावर तोंड लाकडाजवळ नेलं आणि हळूच म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या."

मी पायाचा आवाज न करता मागं फिरले आणि पुरणाची डाळ निवडायला बसले. दर साली घेते तेवढीच घेतली.